चित्रालचे मेजरसाहेब

वयाच्या ७१व्या वर्षी माणूस काय करतो? सकाळी फिरून येतो, पेपर वाचतो, फार तर नातवंडांना शाळेत पोहोचवतो. मेजर जेफ्री लँगलँड्स या वयात चित्रालच्या एका नवख्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून रुजू झाले. साल होते १९८९. चित्राल म्हणजे पाकिस्तानचे थेट उत्तरेकडचे टोक. भोवती हिंदुकुशच्या रांगा, पलीकडे अफगाणिस्तान. लोवारी खिंडीखालून बोगदा होण्याआधीच्या त्या काळात बर्फ पडले की रस्ता बंद. मग पेशावरच्या विमानाचा काय तो आधार, आणि ते विमानही ढगांच्या मर्जीवर चालणारे!

लँगलँड्स मूळचे इंग्लंडचे. २१ ऑक्टोबर १९१७ रोजी हल या बंदराच्या शहरात त्यांचा जन्म झाला, तोही जुळ्या भावासह. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने वडील गेले आणि शाळकरी वयातच आईही गेली. शिक्षण पार पडले ते परिचितांच्या मदतीने. दुसऱ्यांनी शिकवले म्हणून आपण शिकलो, ही जाणीव अशा मुलाच्या मनात खोलवर रुजली असेल, तर त्यात नवल नाही.

पुढे ते लंडनजवळ गणित शिकवू लागले. एवढ्यात महायुद्ध आले. मास्तर कमांडो झाले आणि १९४२च्या दिएपच्या चढाईत लढले. १९४४ साली लष्करी नोकरीने त्यांना हिंदुस्थानात आणले. फाळणीनंतर बहुतेक इंग्रज अधिकारी मायदेशी परतले, पण हे पाकिस्तानी सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवत राहिले. तो करार संपला तेव्हा सरसेनापती अयूब खान यांनी त्यांना थांबण्याची गळ घातली. लाहोरचे एचिसन कॉलेज म्हणजे तिथल्या बड्या घरच्या मुलांची शाळा. तिथे त्यांनी २५ वर्षे गणित शिकवले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले फारूक लेघारी, पंतप्रधान झालेले जफरुल्ला जमाली आणि इम्रान खान हे सारे त्यांचे विद्यार्थी.

इथेच ते निवृत्त झाले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. पण १९७९ साली, साठी उलटल्यावर, ते उत्तर वझिरिस्तानातल्या रझमकच्या कॅडेट कॉलेजचे प्राचार्य झाले. हा टोळ्यांचा मुलूख. १९८८ मध्ये स्थानिक राजकारणाच्या भांडणातून त्यांचे अपहरण झाले. सहा दिवसांनी सुटका झाली, पण त्याआधी अपहरणकर्त्यांनी म्हणे हौसेने त्यांच्यासोबत फोटो काढून घेतले! पुढच्याच वर्षी ते चित्रालला गेले, म्हणजे आणखी आडवळणाला.

त्यांनी लग्न केले नाही. घर, जमीनजुमला असे काही जोडले नाही. सकाळी लापशी, पाण्यात शिजवलेले अंडे आणि दोन कप चहा, ही न्याहारी वर्षानुवर्षे ठरलेली. मग कोट, टाय चढवून शाळा. अंगावरचा साहेबी थाट सुटला नाही, पण खर्च मात्र फकिराचा.

शाळा त्यांच्या हाताखाली वाढत वाढत हजारभर मुलांपर्यंत गेली. त्यात मुलींची संख्या लक्षणीय होती, आणि त्या डोंगराळ, परंपराप्रिय भागात हे काम पटसंख्या वाढवण्याहून कठीण होते. इथली मुले पुढे विद्यापीठांपर्यंत पोहोचली. गावच्या लोकांना परवडावी म्हणून फी कमी ठेवली जाई, त्यामुळे तिजोरीत कायम खडखडाट. ज्यांचे विद्यार्थी मंत्रालयात बसत होते, त्या मास्तरांना शिक्षकांच्या पगारासाठी तोंड वेंगाडावे लागे. या गोष्टीची लाज त्यांना नव्हे, दुसऱ्या कोणाला तरी वाटायला हवी होती.

पंच्याण्णवीच्या घरात असताना त्यांनी सूत्रे एका ब्रिटिश लेखिकेकडे सोपवली. तिने शाळेची घडी नव्याने बसवायला घेतली, तेव्हा काही जुने शिक्षक नाराज झाले. मेजरसाहेबही त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि वाद थेट वर्तमानपत्रांत गेला. बाई टिकून राहिल्या. मेजरसाहेबांचे चुकले का? कदाचित. शाळेवाचून ज्याला दुसरा संसारच नव्हता, त्याला ती दुसऱ्याच्या हाती बदलताना पाहणे सोपे गेले नसणार. चोवीस वर्षे एका घरात काढलेली सासूही किल्ल्या सुनेच्या हाती देताना अडखळतेच की.

अखेरची वर्षे त्यांनी एचिसनच्या आवारातल्या लहानशा जागेत काढली. जुने विद्यार्थी भेटायला येत. २ जानेवारी २०१९ रोजी लाहोरमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा वय होते १०१. इम्रान खान त्या वेळी पंतप्रधान होते. गुरूला श्रद्धांजली वाहताना त्यांना आठवले ते डोंगर. रस्ते होण्याआधीच्या उत्तरेकडच्या भागाची आणि तिथल्या भटकंतीची ओढ आपल्याला लावली ती मेजरसाहेबांनीच, असे त्यांनी सांगितले.