फिरत्या ठोकळ्यावरची तिथी

बुडापेस्ट शहरी एर्नो रुबिक नावाच्या वास्तुकलेच्या अध्यापकाने १९७४ साली एक फिरता ठोकळा बनविला. पुढे तो जगभरच्या मुलांच्या हाती गेला, आणि सहा बाजूंचे सहा रंग जुळविण्याच्या खटपटीत थोरांचीही झोप उडाली. त्यावर रंगांऐवजी वार, महिना आणि आकडे चिकटवून टेबलावरचे कॅलेंडर करण्याची कल्पनाही निघाली. रोज सकाळी ठोकळा फिरवावा आणि समोरच्या बाजूस तारीख लावावी.

असा ठोकळा मला मोहगावी एका मराठी घरात पाहावयास मिळाला. नातवाने हौसेने तारीख लावून दाखविली. आजोबांनी तो उलटसुलट पाहिला आणि विचारले, "अरे, ह्यात आमच्या वडिलांच्या श्राद्धाची तिथी कुठे आहे?"

प्रश्न थट्टेचा नव्हता. पांढुर्णा-सौंसरचा हा मुलूख १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. मग तो भोपाळकडे गेला. तिथे घरात मराठी पंचांग, बाजारात हिंदी. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. म्हणून आपल्या भाद्रपद वद्यातला पितृपक्ष त्यांच्याकडे आश्विन कृष्णात पडतो. मुलाने 'भाद्रपद वद्य अष्टमी' हिंदी पंचांगात शोधली, तर हाती येईल जन्माष्टमी! श्राद्ध महिनाभर आधीच व्हायचे. संस्थानी शहरांतून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घराण्यांना हा घोटाळा नवा नाही.

तेव्हा ठोकळ्यावर तिथी बसते का, हे पाहू लागलो. गंमत अशी की, तो जणू पंचांगासाठीच घडविलेला! मधले तुकडे सहा, ते आपली जागा सोडीत नाहीत. ते सहा ऋतू. कडांचे तुकडे बारा, ते बारा महिने. प्रत्येकाला दोन अंगे, एकावर शुद्ध पक्ष, दुसऱ्यावर वद्य. कोपरे आठ, प्रत्येकास तीन अंगे. पाच कोपऱ्यांवर पंधरा तिथी नेमक्या मावतात. पंधरावी शुद्धात पौर्णिमा, वद्यात अमावास्या. उरलेल्या तीन कोपऱ्यांची नऊ अंगे. त्यांत सात वार. एकावर तीन, दोहोंवर दोन-दोन. रिकाम्या दोन अंगांवर 'अधिक' लिहावे; एक कोपरा वारात गुंतला तर दुसरा मोकळा राहतो. २०२३ सालचा अधिक श्रावण असो की २०२६ सालचा अधिक ज्येष्ठ, अडचण नाही. ऋतूची बाजू समोर धरून वरच्या ओळीत वार, महिना-पक्ष आणि तिथी लावावी. 'अधिक' लागला तर खालच्या डाव्या कोपऱ्यात.

हिंदी शेजाऱ्यालाही हाच ठोकळा चालेल. शुद्ध पक्षात दोघांचे तुकडे सारखे. अधिक महिना सोडून एरवी वद्य लागले की तो पुढच्या महिन्याचा तुकडा लावील, एवढेच.

आम्हा गाणाऱ्यांना अशा उलटापालटीचे नवल नाही. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकरा'त सात स्वरांचे ५०४० क्रम मोजले, आणि कितवा क्रम कोणता हे काढण्यासाठी खंडमेरू दिला. रुबिकच्या ठोकळ्याच्या मांडण्या तर ४३ वर अठरा शून्यांहूनही अधिक. पण पाच हजार क्रमांतून गवयाला हवी असते ती रागात बसणारी एकच संगती. तशीच ह्या अगणित मांडण्यांतून घराला हवी असते आपली एक तिथी. ती रोज स्वतःच्या हाताने लावणाऱ्या मुलाला वर्षाअखेर महिने, पक्ष आणि ऋतू निराळे पाठ करावे लागणार नाहीत.