मनोरुग्णाचा ताप दुर्लक्षू नका



तान्ह्या मुलाला दुखणे सांगता येत नाही. आई ते ओळखते. मनाच्या आजाराने बेजार झालेल्या मोठ्या माणसाचेही पुष्कळदा तसेच होते. येरवडा, ठाणे, नागपूर वा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात आपले माणूस असेल, तर एवढे ध्यानात ठेवा.

एका खोलीत अनेकजण राहिले की खरूज, फ्लू, जुलाब लवकर पसरतात. काही औषधांनी सुस्ती येते, गिळताना ठसका लागतो. अन्नाचा कण श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. छातीत दुखते हे रोग्याला नीट सांगता येत नाही आणि त्याची तगमग पाहून 'वेड वाढले' असा समज होतो. म्हातारे माणूस एकाएकी बरळू लागले, तर त्यामागे लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्गही असू शकतो. तो आधी तपासायला हवा.

क्लोझापिन घेणाऱ्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी क्वचित फार कमी होतात. म्हणून ताप आला वा घसा दुखला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. लिथियम घेणाऱ्याला जुलाब-उलट्या झाल्या की अंगातले पाणी घटते, औषध रक्तात साचते, हात थरथरतात, तोल जातो. अशा वेळी ताबडतोब डॉक्टर गाठावा.

दुकानातून आपल्या मनाने अँटिबायोटिक आणून मात्र देऊ नका. सर्दी-फ्लूच्या विषाणूवर ते चालत नाही. शिवाय सिप्रोफ्लॉक्सासिनने क्लोझापिनचे रक्तातील प्रमाण वाढते. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगने 1945 सालीच बजावले होते की, अपुरी मात्रा घेतल्यास जंतू औषधाला सरावतात. हरभऱ्यावरची घाटेअळी तेच ते औषध फवारल्यावर दाद देईनाशी होते, हे आपण शिवारात पाहतोच.

भेटीला जाल तेव्हा माणसाच्या अंगाला हात लावून पाहा. खोकला, खरूज, जखम, पाणी पिणे, लघवी यांची चौकशी करा. वेगळे काही दिसले तर परिचारिकेला किंवा डॉक्टरांना सांगा. घरी आणल्यावर चालू औषधांची चिठ्ठी खिशात ठेवा आणि कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी ती आधी दाखवा. गोळ्या सांगितल्या तितक्या आणि सांगितले तितके दिवस द्या. आपल्या माणसाला बोलता येत नसेल, तर त्याच्या वतीने आपण बोलावे.