पाण्याखालची चूक आणि तिची नोंद

चेन्नईच्या दक्षिण भागातील वेलचेरी येथे १९९५ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी जलक्रीडा संकुल उभारण्यात आले. स्कुबा डायव्हिंगचे शिक्षण जगभर अशाच शांत तलावांत सुरू होते आणि त्यात विद्यार्थ्याकडून संकट मुद्दाम ओढवून घेतले जाते. तोंडातील रेग्युलेटर काढून तो पुन्हा शोधावयाचा, मास्कमध्ये पाणी भरू देऊन नाकावाटे सोडलेल्या हवेने ते बाहेर घालवावयाचे. तलावात चूक कोणी लपवीत नाही. समुद्रात मात्र चित्र पालटते. हवा अपेक्षेपेक्षा लवकर संपत आली, सोबती दिसेनासा झाला, घाबरून वेगाने वर यावे लागले, तरी सुखरूप परतल्यावर त्याची वाच्यता सहसा होत नाही.

हे मौन महागात पडते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे छातीत भरलेली हवा श्वास रोखून वर आणली, तर ती दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटू शकते. खोल पाण्यात बराच काळ राहून घाईने वर आल्यास रक्तात व ऊतींत विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. यातून उद्भवणाऱ्या विकाराची सांधेदुखी, बधिरता, विलक्षण थकवा अशी लक्षणे दिसतात. परंतु 'ओझे उचलल्याने दुखत असेल' असे म्हणून ती नाकारली जातात व प्राणवायूचा उपचार लांबतो. या विकारात नाकारणे हेच एक लक्षण मानावे, असे अनुभवी प्रशिक्षक अर्ध्या गमतीने सांगतात.

अमेरिकेतील 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क' ही संस्था १९८० पासून या क्षेत्रात कार्यरत आहे. तिच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातील ९४७ मृत्यूंचा अभ्यास केला. ज्या प्रकरणांत अपघाताचे मूळ निमित्त ठरविता आले, त्यांपैकी ४१ टक्के प्रकरणांत ते होते हवेचा अपुरा साठा. दाबमापक हाताशी असताना असे घडावे, हे धक्कादायक आहे. मृत्यूची नोंद होते. त्याच चुकीतून थोडक्यात वाचलेल्यांनी सांगितल्याशिवाय त्यांची होत नाही. विमान वाहतुकीने ही अडचण ओळखली आणि अमेरिकेत १९७६ मध्ये वैमानिकांना आपली चूक गोपनीयतेने कळविण्याची सोय झाली. 'ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब'ही नावे न देता घटनांचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध करतो.

उणीव उघडपणे मांडण्याचे एक उदाहरण वेलचेरीच्या शेजारीच सापडते. वेलचेरी-तांबरम मार्गावर राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था आहे. तिने विकसित केलेल्या 'मत्स्य ६०००' या मानवी पाणबुडीच्या चाचण्या २०२५ च्या आरंभी कट्टुपल्ली बंदरात झाल्या. चाचण्या यशस्वी झाल्याचे जाहीर करतानाच, बंदरातील पाणी उथळ असल्याने पाण्याखालील ध्वनिसंपर्क पुरेसा प्रभावी ठरला नाही व अधिक खोलीवर चाचण्या आवश्यक आहेत, असेही शासकीय निवेदनात नमूद करण्यात आले. यशाच्या बातमीत असे वाक्य क्वचितच वाचावयास मिळते.

पर्यटनाच्या किनाऱ्यावर प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण तेथे उतरणारा बहुधा नवखा असतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले. पुढच्याच वर्षी, २४ मे २०२२ रोजी, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तारकर्ली येथे स्कुबा डायव्हिंगहून परतणारी नौका उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. दुर्घटना पाण्याखाली नव्हे, परतीच्या वाटेवर घडली; तेव्हा नोंदही केवळ बुडीची ठेवून भागणार नाही, ती नौकेवर पाऊल ठेवल्यापासूनची हवी.

त्याहीआधी येते आरोग्याची प्रश्नावली. दमा आहे का, या प्रश्नापुढे 'नाही' लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा फक्त सहल हुकण्याची भीती असते. आकसलेल्या श्वासनलिकांमागे अडकलेली हवा वर येताना प्रसरण पावते आणि फुप्फुसाला इजा करू शकते, ही माहिती त्या प्रश्नाशेजारी मराठीत छापली, तर उत्तर कदाचित वेगळे येईल.