इनाम मोठे की हमी?

चैत्र लागला की जुन्नर-आंबेगावात यात्रांचा हंगाम सुरू होतो. सकाळी घाटात बैलगाडे पळतात, दुपार कलली की आखाड्यात हलगी कडाडते. आधी रेवड्यांवरच्या चिमुरड्यांच्या जोड्या, मग चढत्या इनामाच्या कुस्त्या. पोरगा समोरच्याला चितपट करतो, पागोटेवाल्यांचे हात पुढे होतात, नोटा त्याच्या मुठीत पडतात आणि इनाम देणाऱ्याचे नाव लाउडस्पीकरवर पुकारले जाते. जाहिरातीचा करार याहून वेगळा काय असतो? खेळाडूच्या अंगावरची लोकांची नजर पैसेवाला थोडा वेळ विकत घेतो.

अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंना ही नजर विकण्याचा हक्क मिळायला १ जुलै २०२१ उजाडावा लागला. तोवर फी, राहणे-जेवण आणि पुस्तके भागवणारी शिष्यवृत्ती हाच त्यांचा मुख्य मोबदला होता. स्वतःच्या नावावर जाहिरातीचा पैसा घेतला तर खेळायलाच बंदी. आज तिथला बारावीतला खेळाडू जाहिरातीचे इनाम आणि शिष्यवृत्तीची हमी ही दोन्ही पारडी समोर ठेवून कॉलेज निवडतो. आपल्याकडून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला मात्र जाहिरातीची कमाई व्हिसाच्या नियमांत अडते. त्याच्यासाठी शिष्यवृत्तीच खरी.

आपल्याकडे हमीचे पारडे सरकारच्या हातात आहे. ‘खेलो इंडिया’ योजनेत निवड झालेल्या खेळाडूमागे वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांची तरतूद असते, त्यातले महिन्याला १० हजार त्याच्या हातखर्चाला, बाकीचे प्रशिक्षण, निवास, आहार, स्पर्धा यांवर. पुण्यातल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये लहान वयात निवडलेल्या मुलांची शाळा आणि सराव एकाच आवारात होतो.

ही हमी काय करते, ते स्वप्नील कुसाळेकडे पाहिले की कळते. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा हा मुलगा २००९ मध्ये राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आला. २०१५ मध्ये मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस झाला. पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफलचे कांस्य त्याने २०२४ मध्ये जिंकले. पंधरा वर्षे! कोट्यवधींची बक्षिसे त्यानंतर आली. तोवरचा संसार पगारावर चालला. त्याच्या ७२ वर्षे आधी, १९५२ मध्ये, मल्ल खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवण्यासाठी त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले होते. व्यवस्थेची हमी नव्हती, ती एका माणसाने दिली.

थक्क करते ते हेच: इनाम जिंकलेल्या कुस्तीचे मिळते, हमी त्या कुस्तीआधीच्या हजारो जोर-बैठकांची, खुराकाची आणि दुखावलेल्या गुडघ्याची किंमत चुकती करते. पण हमीचा कागदही नीट वाचावा लागतो. ‘खेलो इंडिया’ची मदत कामगिरी पाहून पुढे चालू राहते.

म्हणून तालमीतल्या पोराच्या आईबापांनी आकडा ऐकण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. पोरगा जायबंदी झाला तर पैसे थांबतात का? शाळा-कॉलेज पुरे होते का? करार मोडला तर काय परत करावे लागते? या तिन्हींची उत्तरे धड असतील, तर इनाम जरूर घ्यावे, अभिमानाने घ्यावे. उत्तरे धड नसतील, तर लहान रकमेची पक्की हमी मोठ्या इनामाला भारी पडते.