शाळांच्या इमारतींसाठी बाजारातील एक टक्का : अमेरिकेतील स्थानिक विक्रीकर कसा चालतो?

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात शंभर डॉलरची खरेदी केली, तर बहुतेक काउंट्यांमध्ये त्यावरील विक्रीकरातील एक डॉलर तेथील सरकारी शाळांच्या बांधकामासाठी जातो. मतदारांनी संमती दिल्याशिवाय हा कर लागू होत नाही आणि ठरलेली मुदत संपताच तो बंद होतो. शालेय निधीचा हा मार्ग लोकप्रिय ठरला असला, तरी त्याच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत.

मालमत्ता कराला पर्याय

अमेरिकेत सरकारी शाळांचा बहुतांश खर्च राज्ये आणि स्थानिक शालेय मंडळे उचलतात. केंद्र सरकारचा वाटा साधारणतः एक दशांशाच्या आसपास असतो. स्थानिक उत्पन्नाचा मुख्य आधार म्हणजे घरे आणि जमिनींवरील मालमत्ता कर. परिणामी, ज्या भागात मालमत्तेचे मूल्य अधिक, तेथील शाळांना निधीही अधिक मिळतो. टेक्सासमधील पालकांनी या विषमतेला आव्हान दिले होते. मात्र १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी ते फेटाळले. त्यानंतर निधीवाटपातील विषमतेचा प्रश्न मुख्यतः राज्यांच्या कायदेमंडळांपुढे आणि राज्य न्यायालयांपुढे येत राहिला.

जॉर्जियाच्या मतदारांनी १९९६ मध्ये राज्यघटनेतील दुरुस्तीला मान्यता दिली आणि शाळांसाठी एक टक्का विशेष विक्रीकराचा मार्ग मोकळा झाला. या कराची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे असते. किती रक्कम उभारायची आणि ती कोणत्या कामांवर खर्च करायची, हे सार्वमतापूर्वीच जाहीर करावे लागते. मुदत संपल्यावर कर पुढे चालू ठेवायचा असल्यास पुन्हा मतदारांकडे जावे लागते.

खर्चावरही बंधन आहे. नव्या वर्गखोल्या, जुन्या इमारतींचे नूतनीकरण, शालेय बस, संगणक अशी भांडवली कामे तसेच पूर्वीच्या कर्जरोख्यांची परतफेड यांसाठीच हा पैसा वापरता येतो. शिक्षकांचे वेतन किंवा दैनंदिन खर्च त्यातून भागवता येत नाही.

फायदा आणि भार

या कराचा एक फायदा असा, की त्याचा भार केवळ घरमालकांवर पडत नाही. बाहेरगावचे ग्राहक आणि पर्यटकही त्यात वाटा उचलतात. कराचा पैसा हाती येईल तसतशी कामे केल्यास कर्जावरील व्याजही वाचते. शिवाय आपला पैसा कोठे गेला, हे मतदारांना नव्या इमारतीच्या रूपाने दिसते.

दुसरी बाजू मात्र गंभीर आहे. विक्रीकराचा दर सर्वांना सारखाच असल्याने उत्पन्नाच्या प्रमाणात त्याचा भार गरीब कुटुंबांवर अधिक पडतो. जॉर्जियात घरी शिजवण्यासाठी घेतलेल्या अन्नपदार्थांना राज्याचा चार टक्के विक्रीकर माफ आहे. शाळांसाठीचा स्थानिक कर मात्र त्यांवरही लागतो. मंदीच्या काळात खरेदी घटली की शाळांचे उत्पन्नही घटते.

सर्वांत मोठा प्रश्न समानतेचा आहे. हा कर विद्यार्थी जेथे अधिक तेथे नव्हे, तर दुकाने जेथे अधिक तेथे जास्त जमा होतो. मोठी व्यापारी संकुले असलेल्या काउंटीला एका टक्क्यातून भरघोस रक्कम मिळते; ग्रामीण काउंटीतील रहिवासी खरेदीसाठी शेजारच्या शहरात जातात आणि त्यांच्या कराचा पैसा त्या शहरातील शाळांना मिळतो.

आयोवाने काढलेला मार्ग

आयोवा राज्याला हाच अनुभव आला. तेथे १९९८ च्या कायद्याने काउंट्यांना सार्वमताद्वारे शालेय बांधकामासाठी विक्रीकर लावण्याची मुभा मिळाली. पुढे काउंट्यांमधील तफावत लक्षात घेऊन राज्याने १ जुलै २००८ पासून विक्रीकराचा दर पाचवरून सहा टक्के केला आणि वाढीव टक्का विद्यार्थिसंख्येनुसार सर्व शालेय मंडळांना वाटण्याची व्यवस्था केली. २०१९ मध्ये या व्यवस्थेची मुदत २०५१ पर्यंत वाढविण्यात आली. अशा रीतीने निधीवाटपात समानता आली; मात्र कर लावावा की नाही, हा निर्णय काउंटीच्या मतदारांच्या हातून गेला.

भारतातील स्थिती

भारतात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर जकात आणि स्थानिक संस्था कर त्यात विलीन झाले. त्यामुळे महापालिका किंवा जिल्हा परिषदेला शाळांसाठी स्वतंत्र विक्रीकर लावता येत नाही. शिक्षणासाठीचा उपकर मात्र भारताला नवा नाही. केंद्राने २००४ मध्ये दोन टक्के शिक्षण उपकर लावला. २०१८ पासून आयकरावर चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकर आकारला जातो. महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्यान्वये शहरी मालमत्तांवर शिक्षण उपकर आहे. तो महापालिका गोळा करतात आणि राज्य शासनाकडे जमा करतात.

जॉर्जियातील मतदाराला आपण दिलेल्या करातून कोणती शाळा उभी राहिली, हे सांगता येते; भारतातील उपकरदात्याला ते सहज सांगता येत नाही. दुसरीकडे, पैसा केवळ स्थानिक बाजारावर सोपवला तर बाजारपेठ नसलेल्या गावातील विद्यार्थी मागे पडतो. कर कोणी लावायचा यापेक्षा तो कोणत्या निकषावर वाटायचा आणि त्याचा हिशेब कोणाला द्यायचा, हे प्रश्न शाळांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे ठरतात.