थंडीत अडणारा जुना ट्रॅक्टर : आधी त्याचा पंप ओळखा

डिसेंबर-जानेवारीत तापीकाठी पहाटेचा गारठा वाढला की राजपुऱ्यापासून असीरगडाच्या पायथ्यापर्यंत एक तक्रार हमखास ऐकू येते : "ट्रॅक्टर सकाळी चालूच होत नाही." केळीचा माल रस्त्यापर्यंत न्यायचा असतो, उसाची ट्रॉली भरून उभी असते, आणि वीस-पंचवीस वर्षांचा ट्रॅक्टर नुसता घरघरतो. मग कोणी म्हणतो बॅटरी गेली, कोणी म्हणतो पंप खोला. पंप खोलण्याचा खर्च थोडाथोडका नसतो. म्हणून शेतकरी बांधवांनी आपल्या ट्रॅक्टरला कोणत्या जातीचा पंप आहे आणि थंडीत तो कसा वागतो, हे आधी समजून घ्यावे.

डिझेल पेटते कसे?

डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा दाबून सुमारे सोळा-सतराव्या हिश्शात आणली की ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्या क्षणी पंपाने पाठविलेले डिझेल नोझलमधून बारीक फवाऱ्याने आत येते आणि आपोआप पेट घेते. थंडीत ऑइल घट्ट होते, बॅटरीची ताकद कमी होते, सेल्फ इंजिनाला हळू फिरवतो आणि दाबलेल्या हवेची उष्णता गार सिलिंडर शोषून घेतो. अशा वेळी थोडे जास्त डिझेल, योग्य क्षणी आणि पुऱ्या दाबाने मिळाले तरच इंजिन पेटते. ही तिन्ही कामे पंपाची आहेत.

आपल्याकडील थंडी काही काश्मीरची नव्हे. एवढ्या गारठ्यात निरोगी इंजिन चालू झालेच पाहिजे. थंडी नवा दोष निर्माण करीत नाही, दडलेला दोष उघडा पाडते.

लाइन पंप

जर्मनीच्या बॉश कंपनीने १९२७ साली या पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. आपल्या देशात तो 'मायको' नावाने घरोघरी पोहोचला. मायको कंपनी १९५१ साली बंगलोरला स्थापन झाली आणि २००८ पासून ती बॉश लिमिटेड या नावाने ओळखली जाते. हा पंप लांबट पेटीसारखा असतो व नोझलकडे जाणाऱ्या नळ्या त्याच्या डोक्यावरून एका ओळीत निघतात. प्रत्येक सिलिंडरसाठी आत स्वतंत्र प्लंजर असतो. मिस्त्री लोक त्याला 'एलिमेंट' म्हणतात. मळ्यातील जुन्या एका सिलिंडरच्या इंजिनाला जसा एक पंप असतो, तसे तीन-चार पंप एका पेटीत बसविले आहेत असे समजा. एच.एम.टी. झेटर २५११ सारख्या जुन्या ट्रॅक्टरांत हीच जात आढळते.

थंडीत या पंपाचा गुण असा की प्रत्येक एलिमेंटला खालून कॅम सरळ ढकलतो, त्यामुळे इंजिन हळू फिरत असले तरी दाब बऱ्यापैकी तयार होतो. शिवाय चालू करताना जादा डिझेल देण्याची सोय बहुतेक पंपांत असते. काहींत ॲक्सिलरेटर पूर्ण दिला की ते आपोआप मिळते, तर काहींत पंपावरचे बटण दाबावे लागते. हे बटण फक्त चालू करण्यापुरते वापरावे. चालत्या इंजिनात ते दाबून अडकवून ठेवल्यास काळा धूर निघतो आणि न जळलेले डिझेल सिलिंडरवरील ऑइल धुऊन टाकते.

रोटरी पंप

हा पंप आखूड व गोल असतो आणि नळ्या त्याच्या डोक्याभोवती वर्तुळात निघतात. इंग्लंडच्या सी.ए.व्ही. कंपनीचा डी.पी.ए. पंप हा याचा प्रसिद्ध नमुना आहे. पर्किन्सच्या तीन सिलिंडर इंजिनाच्या जुन्या मॅसी फर्ग्युसन ३५ मध्ये तो असे. यात प्लंजरची एकच जोडी फिरत्या रोटरमध्ये बसलेली असते व ती सर्व सिलिंडरांना पाळीपाळीने डिझेल वाटते. डिझेल आत ढकलणारा पात्यांचा छोटा पंपही त्याच्याच पोटात असतो.

इंजिन हळू फिरले की या पात्यांचा दाब उतरतो. पाती झिजली असतील किंवा कुठून हवा शिरत असेल, तर रोटरला पुरेसे डिझेलच मिळत नाही. म्हणून रोटरी पंपाच्या ट्रॅक्टरला चांगली बॅटरी व स्वच्छ फिल्टर यांची गरज अधिक. दुसरे असे की या पंपाला वेगळे ऑइल नसते. डिझेल हेच त्याचे वंगण. डिझेलमध्ये पाणी असेल तर पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचा रोटर गंजून जाम होतो. रॉकेलची भेसळ तर त्याला हळूहळू मारते.

एक खूण नीट ध्यानात ठेवा. ट्रॅक्टर सकाळी गार असताना चालू होतो, पण दुपारी तापल्यावर बंद केला की पुन्हा चालू होत नाही, तेव्हा रोटरी पंपाचे हेड झिजल्याचा संशय घ्यावा. तापलेले डिझेल पातळ होऊन झिजलेल्या फटीतून निसटते.

एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलला निरनिराळ्या काळात निरनिराळे पंप बसविलेले असू शकतात. म्हणून बॉनेटवरचे नाव वाचून ठरवू नका, पंप डोळ्यांनी पाहा.

धुराकडे पाहा

सेल्फ मारताना एकाने धुराड्याकडे लक्ष ठेवावे. धूर मुळीच येत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. स्टॉपचा दांडा ओढलेला आहे का, फिल्टर तुंबला आहे का, हवा धरली आहे का, ते पाहावे. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते पण पेटत नाही. मग दोष बॅटरीत, कंप्रेशनमध्ये, हीटरमध्ये, नोझलमध्ये किंवा पंपाच्या टायमिंगमध्ये शोधावा. पंप खोलण्याची पाळी या तपासणीनंतर येते. तो खोलायचाच तर टेस्ट बेंच असलेल्या पंप रूममध्येच द्यावा. झाडाखाली बसून एलिमेंट जुळवता येत नाही.

चालू करण्याची रीत

१. संध्याकाळी टाकी भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागेत दव धरत नाही. फिल्टरखालचे पाणी वरचेवर काढावे.

२. उन्हाळ्यात भरलेल्या पिंपातील डिझेल हिवाळ्यासाठी ठेवू नये. भारतीय मानकाप्रमाणे डिझेल गोठण्याची कमाल मर्यादा हिवाळी मालाला ३ अंश, पण उन्हाळी मालाला १५ अंश आहे.

३. हीटर असेल तर किल्ली पंधरा-वीस सेकंद हीटरवर धरून मग सेल्फ मारावा.

४. क्लच दाबून, पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन दहा-पंधरा सेकंदच सेल्फ मारावा व मध्ये मिनिटभर विश्रांती द्यावी. इंजिन पेटताच ॲक्सिलरेटर कमी करावा.

जिवाशी खेळू नका

हवेच्या नळीशी पेटते फडके धरणे, स्क्रू ड्रायव्हरने सेल्फचे टोक जोडणे, बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवणे, हे सर्व थांबले पाहिजे. स्क्रू ड्रायव्हर लावताना ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल, तर तो पुढे उभ्या माणसाच्या अंगावरून जातो. बंद शेडमधील धुराने माणूस गुदमरतो.

आणखी एक धोका फारसा कोणाला ठाऊक नसतो. नोझलचा फवारा हवेच्या दाबाच्या दोनशे पटींच्या आसपास दाबाने सुटतो आणि कातडी भेदून बोटात शिरतो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, परंतु आत डिझेल पसरून काही तासांत मांस मरू लागते. असे झाल्यास हळद लावून किंवा नुसते धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन घरी बसू नये. लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जावे व "डिझेल दाबाने आत शिरले आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. उशीर झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो.

तेव्हा नोझल तपासताना हात दूर ठेवा आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका. पंपाची दुरुस्ती पैशाने होते, गेलेला हात परत येत नाही.