श्रद्धा आणि देवालयाचें दार

नाशिकास गेलेला यात्रेकरू रामकुंडावर स्नान करितो, पंचवटींत काळ्या रामाचें दर्शन घेतो आणि मग परतीच्या वाटेस लागतो. आमच्या घराण्यांतून हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. श्रद्धा म्हणजे काय असें कोणीं विचारलें, तर आम्ही बहुधा अशाच आचाराकडे बोट दाखवितों. परंतु याच देवळाच्या दाराशीं श्रद्धेविषयीं एक अवघड प्रश्न उभा राहिला होता. त्याची आठवण सुखाची नाहीं. तरीहि ती ठेविली पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

‘श्रद्धा’ हा शब्द फार जुना. निघंटूंत ‘श्रत्’ हें सत्याच्या नांवांत सांगितलें आहे. तेव्हां सत्याच्या ठायीं मन ठेवणें ती श्रद्धा, असा सरळ अर्थ होतो. गीतेच्या सतराव्या अध्यायांत तर तिचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार केले आहेत. म्हणजे श्रद्धा आहे एवढ्यानें भागत नाहीं. ती कोणत्या प्रकारची, हेंहि पाहावें लागतें.

आतां नाशिकची हकीकत. पेशवाईंत सरदार ओढेकरांनीं बांधविलेल्या या पाषाणी मंदिराशीं ता. २ मार्च १९३० रोजीं हजारों स्त्रीपुरुष शिस्तीनें मिरवणूक घेऊन आले. त्या काळीं समाज त्यांस अस्पृश्य म्हणे. डॉ. आंबेडकर त्यांचे नेते होते, आणि पुढें ज्यांस महाराष्ट्र दादासाहेब म्हणूं लागला ते भाऊराव गायकवाड त्यांचे स्थानिक धुरीण. दारें बंद होतीं. दुसऱ्या दिवसापासून दारांपुढें सत्याग्रह सुरू झाला. त्या वर्षींच्या रामनवमीस रथ ओढण्यावरून तंटा होऊन दगडफेक झाली. पुष्कळांस अटक झाली. लढा कमीअधिक जोरानें सुमारें पांच वर्षें चालला. दार उघडलें नाहीं.

यांत श्रद्धा कोणाची? दार लावून घेणारे म्हणत, आम्ही धर्म राखतों. आणि कित्येकांचें तें मनापासूनचें मत होतें. परंतु माणसाच्या स्पर्शानें देव बाटतो असें जो मानतो, त्याचा देवाच्या सामर्थ्यावर विश्वास तो केवढा? त्यास श्रद्धा म्हणण्यापेक्षां भय म्हणणेंच योग्य होईल.

बाहेरच्यांची मागणी माणुसकीच्या हक्काची होती. देवदर्शनानें आपलीं सारीं दुःखें सरतील, असें डॉ. आंबेडकर मानीत नव्हते. तथापि, जो दाराशीं बसतो तो आंतला मनुष्य केव्हां तरी दार उघडील अशा आशेनेंच बसतो. त्या लोकांनीं पांच वर्षें श्रद्धा ठेविली ती आमच्यावर. ती आम्हीं राखली नाहीं. ता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं याच जिल्ह्यांतील येवल्यास, आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं, असें डॉ. आंबेडकरांनीं जाहीर केलें. आणि १९५६ च्या ऑक्टोबरांत नागपुरास लाखों अनुयायांसह बौद्ध धम्माची वाट धरली. श्रद्धेवांचून मनुष्याचें चालेल असें त्यांनीं म्हटलें नाहीं. जेथें ती माणुसकीसह मिळेल तेथें ते गेले.

उलट पक्षीं साने गुरुजींचें उदाहरण पाहावें. ब्राह्मण घरांत वाढलेल्या, भाविक मनाच्या या पुरुषानें पंढरीच्या विठ्ठलाचें दार सर्वांस मोकळें व्हावें म्हणून १९४७ च्या मे महिन्यांत प्राण पणास लाविले. त्यांची श्रद्धा उणी होती, असें कोण म्हणेल? ती खरी होती म्हणूनच त्यांस बंद दार सोसवेना.

पुढें मंदिरप्रवेशाचे कायदे झाले, १९५० त राज्यघटना अमलांत आली, आणि अस्पृश्यता गुन्हा ठरली. परंतु कायदा देवळाच्या दारापर्यंत येतो, स्वयंपाकघरांत येत नाहीं. आजहि कित्येक सुशिक्षित घरांत कामास येणाऱ्या बाईचा चहाचा पेला निराळा ठेवलेला असतो. दिवेलागणीस आम्ही मुलांस देवापुढें हात जोडावयास शिकवितों. तीं मुलें तो पेलाहि पाहात असतात. श्रद्धेचा कोणता धडा त्यांच्या मनांत राहील, याचा विचार घरांतल्या वडील मंडळींनीं एकदां अवश्य करावा.